रावसाहेबांचा ट्रक का तापला?

"दुपारच्या आरतीआधी शिधा गडावर पोचला नाही, तर सिद्राम, ट्रकची किल्ली माझ्या हातात द्यायची आणि घरी जायचं! कायमचं!"

रावसाहेब इंगवले गरजले आणि घाटाच्या पायथ्याशी जमलेली माणसं मागे सरली.

अष्टमीचा दिवस. वर गडावर देवीचा भंडारा. बायका पहाटेपासून उपाशीपोटी चुली पेटवून बसलेल्या, आणि तांदूळ, डाळ, गूळ सगळं खाली ट्रकात! ट्रक रावसाहेबांच्या वडलांच्या काळातला, पण कधी कुरकुरला नव्हता. गेले चार दिवस मात्र घाटाच्या दुसऱ्या वळणावर पोचला की काटा लाल रेघेवर आणि पुढून वाफेचा फवारा!

"साहेब, तीन मिस्त्री झाले," सिद्राम ड्रायव्हर हात जोडून म्हणाला. "पाण्याचा पंप बदलला, पट्टा बदलला, रेडिएटर धुऊन काढला. गॅरेजात दिवसभर चालू ठेवला तरी गार. रस्त्यावर आला की उकळतो."

"म्हणजे दोष चालवणाऱ्याचा!" रावसाहेबांनी काठी आपटली. "आता बास झाली खोलाखोल. इंजिनाला कुणी हात लावायचा नाही. हात न लावता जो रोग सांगेल, त्याला मागेल ते देईन. नाहीतर किल्ली!"

"वा! काय न्याय!" चिटणीस बापू म्हणाले. रावसाहेबांना शिंक आली तरी बापू हेच म्हणत.

हात न लावता इंजिनाचा रोग सांगायचा! तिन्ही मिस्त्री आपापल्या चपला न्याहाळू लागले. तेवढ्यात गडावर निघालेल्या बायकांतून सिद्रामची बायको पुढे आली. मंजुळाक्का. हातात ओटीचं ताट, कपाळावर मळवट.

"मी सांगते, साहेब. आधी कासमभाईंना एक विचारू द्या. भाऊ, ट्रक गॅरेजात आला की तुम्ही पहिल्यांदा काय करता?"

"पहिल्यांदा?" कासम मिस्त्री म्हणाले. "पहिल्यांदा नाकाडावरचा साहेबांचा फ्लेक्स सोडतो, वहिनी. साहेबांच्या तोंडावर ऑइल उडालं तर? रुमालानं पुसून खुर्चीवर उभा करतो. काम झालं की पुन्हा..."

आणि कासमभाई मध्येच थांबले. बाकीच्या दोघा मिस्त्र्यांनी वर पाहिलं.

ट्रकच्या नाकाडावर, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, जाळी पुरती झाकून नवाकोरा फ्लेक्स ताणून बांधला होता. चार दिवसांपूर्वीच आलेला. त्यावर रावसाहेब छातीभर हार घालून हसत होते. देवीही होती. कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी.

तिघा मिस्त्र्यांना एकदमच सगळं कळलं. पण तिघांनाही बायकापोरं होती. तिघेही पुन्हा चपला न्याहाळू लागले.

"अगं, रोग सांग की!" रावसाहेब ओरडले.

"तोंडानं सांगितला तर पटायचा नाही, साहेब. या गडाच्या वीस पायऱ्या चढा, आपोआप कळेल. पण त्याआधी तुमचा सत्कार करायचाय."

सत्कार! त्याला रावसाहेबांनी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. बापूंनी धावत जाऊन शाल आणली. मंजुळाक्कानं ती रावसाहेबांच्या खांद्यांवरून घेतली, गळ्याभोवती घेतली, मग नाकातोंडावरून घट्ट फिरवून मागे गाठ मारली. वरून झेंडूचे हार, एकावर एक, थेट डोळ्यांपर्यंत.

"चढा आता!"

तीन पायऱ्या झाल्या. पाच झाल्या. सातव्या पायरीवर रावसाहेबांच्या कानशिलांतून घाम निथळू लागला. नवव्या पायरीवर डोळे लाल झाले.

"अगं सोड! जीव कोंडला माझा!"

"वा! काय—" बापूंनी सवयीनं सुरुवात केली.

"गप्प बस, मूर्खा!"

मंजुळाक्का शांतपणे म्हणाली, "डॉक्टरांना बोलवू का, साहेब? काळीज खोलून पंप बदलतील, पट्टा बदलतील, पोट धुऊन काढतील."

"कसला डॉक्टर! मला काही झालेलं नाही! नाकावरची शाल सोड आधी, वारा लागू दे!"

तिनं गाठ सोडली. रावसाहेबांनी भला मोठा श्वास घेतला.

"ट्रक चार दिवस हेच सांगतोय, साहेब. तुम्हाला तोंड आहे, तुम्ही ओरडलात. त्याला नाही, तो वाफा सोडतो. गॅरेजात तुम्ही खुर्चीवर असता, तेव्हा त्याला वारा लागतो. घाटात त्याच्या नाकावर तुम्हीच!"

रावसाहेबांनी फ्लेक्सकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"म्हणजे... माझ्यामुळे वारा अडला?"

"त्या बिचाऱ्याचा काय दोष? तुम्हाला ओलांडून पुढं जायची छाती या गावात एका माणसाला नाही, वाऱ्याला कुठून होणार!"

बापूंनी कपाळाला हात लावला. सिद्रामनं तर डोळेच मिटले.

आणि रावसाहेबांचं पोट हललं. मग खांदे हलले. मग ते त्या नवव्या पायरीवरच बसले आणि हार विस्कटेपर्यंत हसले!

"अरे, तीन मिस्त्री, सगळं गाव, आणि एकालाही बोलवेना? सोडा तो फ्लेक्स!"

"मी म्हणणारच होतो," बापू म्हणाले.

फ्लेक्स सुटला. ट्रक घाटाला लागला. दुसरं वळण गेलं, चौथं गेलं, आणि काटा आपला मधोमध! आरतीला घटकाभर अवकाश असतानाच पोती चुलींपाशी उतरली. बायकांनी देवीच्या नावाचा असा गजर केला, की खाली पायथ्यापर्यंत ऐकू गेला.

"किल्ली सिद्रामचीच," रावसाहेब देवळाच्या दारात म्हणाले. "आता तू बोल, मंजुळा. मागेल ते देईन म्हणालो होतो."

"मोठं मागणं आहे, साहेब. देवीची पहिली ओटी."

बायकांत कुजबुज उसळली. तीन पिढ्या पहिली ओटी इंगवल्यांच्या घरची! रावसाहेबांनी क्षणभर मिशीवरून हात फिरवला. मग स्वतः दोन पावलं बाजूला झाले आणि हसत हसत म्हणाले,

"जा, आक्का, जा! मी वाट अडवली, तर तू मला आणखी वीस पायऱ्या चढायला लावशील!"