पेटीवरचे अख्खे फूल

कातळेवाडीत नवरीबरोबर जी लाकडी पेटी जाते, तिच्या झाकणावर एक लाल फूल असते. फांदी नाही, पान नाही, फूल जमिनीवर गळून पडलेले. बाहेरचे पाहुणे नाक मुरडतात. मुरडोत. आधी ऐकून तर घ्या.

असे सांगतात, की आगबोटी नव्या होत्या तेव्हा इथे आवडू चितारीण राहायची. तिच्या खलाशी नवऱ्याने जपानहून चित्रकारांसाठी छापलेले फुलांचे पुस्तक आणले. पुढच्याच फेरीत समुद्राने त्याला ठेवून घेतले. पुस्तकातले अक्षर कुणाला लागेना. आवडूने ते आपल्या रीतीने डावीकडून उघडले. जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होते हे तिला कोण सांगणार? पहिल्या पानावर जमिनीवरचे लाल फूल, मग झाडावर उमललेले, शेवटी कळी. आरंभाचे चित्र शुभ, म्हणून लेकीच्या, चंद्रीच्या पेटीवर तिने तेच काढले.

लग्न लागून सकाळी वरात निघताना वराचे चुलते सदूभाऊ आडवे आले. त्यांनीही जपानच्या फेऱ्या केलेल्या, तसले पुस्तक पाहिलेले.

"विहीणबाई, हे तर पुस्तकाचे शेवटचे पान! तिकडे चित्रातल्या प्रत्येक फुलाला अर्थ असतो. हे पाकळी-पाकळी झडत नाही, मुंडके तुटल्यासारखे पडते. लढवय्ये म्हणे दारातसुद्धा लावत नाहीत. ही पेटी आमच्या घरात यायची नाही."

आणि पेटीशिवाय नवरी पाठवायची रीत नव्हती. आवडू अंगणात गेली आणि प्राजक्ताखालून ओंजळ भरून आली.

"भाऊ, ही फुले देवाला खुडून वाहता?"

"प्राजक्त कुणी खुडतो का? खालचाच वेचायचा."

"मग जमिनीवरचे फूल देवाला चालते, तुम्हाला नाही? पेटीवरचे बघा नीट. एक पाकळी सुटलेली नाही, तोंड वर आहे. लेक माहेरच्या झाडावरून सुटावी ती अशीच, अख्खी. तुकडे करायचे असतील, तर नेऊच नका."

सदूभाऊंनी पेटी स्वतःच उचलली.

ते पुस्तक देवळात आहे, अजून डावीकडूनच उघडतात. आणि आजही पहिल्या माहेरपणाला आलेल्या लेकीला उंबऱ्यावर कुणी सुखी आहेस का म्हणून विचारत नाही. आई विचारते, "अख्खी आहेस ना?" लेक नाही म्हणाली, तर तिला सासरी परत पाठवत नाहीत.