पाळीचा घाट

श्रोते हो, जे काम कोणी विकत नाही, त्या कामावर एखादे राज्य उभे राहू शकते का? प्रश्न साधा वाटेल. एका राजाला त्याचे उत्तर सापडेपर्यंत त्याच्या नगरातले मीठ संपून गेले होते.

भगवान जेतवनात राहत होते तेव्हाची गोष्ट. विहाराच्या कोठारावर लोलुक नावाचा भिक्षू नेमलेला होता. आजारी भिक्षूची सेवा तोवर जो जवळ असेल तो करीत असे. लोलुकाने नियम केला की सेवा करणाऱ्याला भिक्षेतला अधिक वाटा मिळेल. थोड्याच दिवसांत भिक्षू आधी वाटा विचारू लागले आणि मग आसनावरून उठू लागले. कोठार रिकामे राहिले त्या दिवशी एक वृद्ध भिक्षू तहानेने कण्हत पडून राहिला. भगवंतांनी स्वतः जाऊन त्याला पाणी पाजले. धर्मसभेत हा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "भिक्षूंनो, लोलुकाने हे प्रथमच केलेले नाही. पूर्वीही त्याने विक्रीला नसलेल्या गोष्टीला भाव लावला होता." भिक्षूंनी विनंती केल्यावर त्यांनी ही पूर्वकथा सांगितली.

शैलवट नगरात महासाल राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वाने घाटमाथ्यावरच्या एका गावात जन्म घेतला आणि वयात आल्यावर तो राजाचा अमात्य झाला. समुद्राकाठचे मीठ आणि दूरदेशीचे कापड बैलांच्या पाठीवरून याच घाटाने वर येई; वरचे धान्य, तेल आणि मातीची भांडी याच वाटेने खाली जात. घाटात एक खडी चढण होती. ओझ्यासह बैल ती चढू शकत नसे. तिथे गोणी उतरवून माणसांच्या खांद्यावरून वर न्याव्या लागत.

ते काम घाटमाथ्याची गावे आणि नगरातली घरे पाळीने करीत. विणकर असो की श्रेष्ठी, ज्याची पाळी असेल तो चढणीवर हजर होई. हौद भरी, गोणी वाहून नेई, लंगड्या बैलाच्या पायाला पाला बांधी. मोबदला कोणी मागत नसे आणि देऊ केला तर घेत नसे. वर पोहोचलेल्या प्रत्येक वाटसरूने मात्र एक गोष्ट करायची असे. दरीच्या बाजूला जो बांध होता, त्यावर आपल्या हाताने एक दगड बसवायचा. ज्याला मदत मिळाली त्याने पुढच्यासाठी वाट राखावी, एवढाच त्याचा अर्थ. पिढ्यान्पिढ्या असे दगड चढत गेले होते, आणि त्या बांधाने घाट तोलून धरला होता.

तांड्यांचे नायक म्हणत की डोंगरात वाटा पुष्कळ आहेत, पण अशी माणसे याच वाटेवर आहेत. म्हणून तांडे इथे येत. तांडे येत म्हणून शैलवटचे माग चालत, घाणे फिरत आणि कुंभारांच्या भट्ट्या पेटत. नगराची सारी भरभराट त्या चढणीवरच्या विनामोल खांद्यांवर उभी होती. लोकांना त्याचा अभिमान होता आणि तो रास्त होता.

अमात्यपद मिळाले तरी बोधिसत्त्वाने आपली पाळी चुकवली नाही. चढणीवर भद्रिला नावाची एक वृद्धा हौदांची व्यवस्था पाहत असे. ती त्याला लहानपणापासून ओळखत होती आणि पदाची भीड ठेवत नसे. तो येताना दिसला की म्हणे, "ये रे अमात्या. दरबारात जिभेनं ओझी उचलतोस, इथं पाठीनं उचल. आणि दोनच उचल, तीन उचललीस तर उद्या राज्य कोण उचलणार?" तो हसून गोण खांद्यावर घेई. दरबारात मिळालेल्या मानापेक्षा हे शब्द त्याला जवळचे वाटत.

राजाचा कोषाध्यक्ष गोमिल हा नगरातल्या जुन्या घराण्यातला होता. त्याच्या घराचीही पाळी येई, पण तो नोकर पाठवी. एके दिवशी त्याने राजाला सांगितले की घाटावर एवढे श्रम होतात आणि कोषाला त्यातून काही लाभत नाही. प्रत्येक बैलामागे पथकर घ्यावा, त्यातून मजूर नेमावेत, गरिबांना वेतन मिळेल आणि उरेल ते राज्याचे होईल. राजा तरुण होता. त्याला ही योजना पटली.

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, गरिबाला वेतन अवश्य द्यावे. तळी खणा, रस्ते बांधा, तिथे द्या. चढणीवरचे काम लोक मानाने करतात. त्याला भाव लावलात की मान जाईल. मग त्या भावाला तुम्हाला मजूर मिळतील, ते काम मिळणार नाही."

गोमिल म्हणाला की अमात्यांना गोणी वाहण्याची फारच गोडी दिसते, तेव्हा मजुरांच्या यादीत पहिले नाव त्यांचेच घालू. दरबार हसला. राजाही हसला. पथकर लागू झाला, आणि गोमिलाच्या सूचनेवरून असाही हुकूम निघाला की नेमलेल्या मजुराखेरीज कोणी ओझ्याला हात लावू नये, नाहीतर कर बुडेल.

बोधिसत्त्वाने वाद घातला नाही. राजमुद्रा आसनासमोर ठेवून तो म्हणाला, "ज्या हातांना गोण उचलायची मनाई झाली, त्या हातांत ही मुद्रा शोभणार नाही." आणि तो आपल्या गावी परतला.

पहिला उन्हाळा चांगला गेला. कोष भरू लागला. घाटावर मात्र बोलण्याची रीतच बदलली. मजूर गोणीचे वजन करून भाव सांगत, नायक घासाघीस करीत. दिवस कलला की मजूर निघून जात आणि तांडा अर्ध्या चढणीवर थांबून राही. एकदा एक बैलवाला उन्हाने कोसळला. भद्रिला तांब्या घेऊन धावली, तर नाक्यावरच्या रक्षकाने तिला अडवले, कारण पाणी पाजण्याचे काम दुसऱ्याला नेमून दिले होते. आणि वर पोहोचलेला वाटसरू आता दगड बसवत नसे. त्याला सांगावे तर तो म्हणे की कर भरला आहे, बांध ज्याने कर घेतला त्याने पाहावा. त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

पावसाळा जवळ आला तेव्हा रक्षकांनी बांध फुगल्याचे गोमिलाला कळवले. घाट काही काळ बंद करून डागडुजी करावी, असे त्यांनी सुचवले. घाट बंद म्हणजे कर बंद. गोमिलाने त्यांना गप्प बसायला सांगितले.

श्रावणात बांध सुटला. त्याबरोबर चढणीचा मोठा भाग दरीत गेला. मिठाचा एक तांडा मधोमध अडकला. मागे ओढ्याला पूर आणि पुढे तुटलेला कडा. बैल चिखलात रुतले होते आणि माणसे कड्याला पाठ लावून उभी होती. मजूर म्हणाले की दरड हे आपले काम नाही. गोमिलाने दुप्पट वेतन सांगितले, मग तिप्पट. मजूर म्हणाले की जीव एवढ्याला विकायचा नाही, आणि ते घरी गेले. इकडे नगरात मीठ संपले. तांडे दुसऱ्या घाटांकडे वळल्याच्या बातम्या आल्या. माग थांबले, भट्ट्या विझल्या. राजा स्वतः घाटमाथ्यावर येऊन उभा राहिला आणि काय करावे हे त्याला सुचेना.

गावात बोधिसत्त्वाने खुंटीवरचा दोर काढला. त्याने कोणाला बोलावले नाही. वाटेत भद्रिला दारात उभी होती. तिने विचारले, "एकटाच चाललास? हुकूम मोडतो आहेस, ठाऊक आहे ना?"

"आजी, खाली माणसं आहेत."

"मग थांब थोडा. मला चपला घालू दे," ती म्हणाली.

त्या दोघांना जाताना पाहून एक दार उघडले, मग दुसरे. विणकर आले, तेली आले, शेतकरी आले. नाक्यावर रक्षकाने वेतनाची खूणपट्टी मागितली. बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "आम्ही विकत न मिळणारे काम करायला आलो आहोत. दंड परतल्यावर करा." रक्षकाने राजाकडे पाहिले. राजाने मान खाली घातली आणि स्वतः अडसर उचलला.

लोकांनी कड्यावरून दोर सोडले, हाताला हात धरून साखळी केली. बोधिसत्त्व सर्वांत खाली, जिथे माती अजून सरकत होती, तिथे उभा राहिला. आधी माणसे वर आली, मग बैल, शेवटी मीठ. अडकलेला प्रत्येक जण वाचला. तांड्याचा नायक वर येताच खाली बसला, त्याने एक दगड उचलला आणि कड्याच्या काठाशी नीट बसवला. त्याला कोणी सांगितले नव्हते.

राजा भद्रिलेजवळ गेला आणि म्हणाला की माते, जे हवे ते माग. चिखलाने माखलेली ती वृद्धा म्हणाली, "महाराज, मागायचंच असतं तर आम्ही आलो नसतो. तुझा कर काढून ने, म्हणजे आम्हाला काम करता येईल." राजाने पथकर तिथेच रद्द केला, बोधिसत्त्वाला मुद्रा परत दिली आणि त्या दिवसापासून राजघराण्याचे नाव पाळीत घातले. बांध पुन्हा उभा राहिला. तांडे परत आले. शैलवटचे लोक ताठ मानेने सांगत की आमच्या नगराचा पाया घाटात आहे, कोषात नाही.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आनंद, भद्रिला म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा, घाटावरचे लोक म्हणजे माझा संघ. अमात्य मीच होतो. ज्यात देणारा आपले श्रम देतो आणि घेणाऱ्यालाही देता करतो, ते दान श्रेष्ठ. ही दानपारमिता जाणा."

एका भिक्षूने विचारले, "भंते, गोमिलाला कोणती शिक्षा झाली?" लोलुक मागे बसून ऐकत होता.

भगवान म्हणाले, "बांध फुगल्याचे माहीत असून तो गप्प बसला, हे उघड झाले. राजाने ठरवले की त्याने जन्मभर चढणीवर गोणी वाहाव्यात. अमात्याने राजाला विनवले की आमचा मान कोणाची शिक्षा बनवू नका. तेव्हा राजाने गोमिलाचे पद काढले, घर आणि शेत ठेवले, आणि त्याचे नाव पाळीतून वगळले. दर पाळीला शेजारच्या दारी हाक जाई. त्याच्या दारी जात नसे. म्हातारपणी तो एकदा न बोलावता चढणीवर आला आणि त्याने एका गोणीला हात घातला. लोकांनी त्याला सावलीत बसवले, पाणी दिले, आणि ती गोण त्याच्या हातून काढून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवली."