पहिल्या उन्हाळ्याचं मीठ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा खेकडेसुद्धा माणसांशी बोलत. माणसं ऐकत मात्र आजच्यासारखीच, म्हणजे अगदी गळ्याशी आल्यावर.

खाडीच्या काठी एक गाव होतं. गावातला जो तो मीठ पिकवायचा. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं, तळाशी उरलेलं मीठ लाकडी फावड्याने ओढायचं आणि बांधावर त्याच्या पांढऱ्याशुभ्र राशी लावायच्या. हे वाफे पणजोबांच्याही पणजोबांनी घातलेले. नवा वाफा कसा घालतात हे गावात कुणी पाहिलेलंच नव्हतं. पण ‘आम्हाला ठाऊक नाही’ असं कोण म्हणेल? सगळेच मीठवाले!

त्यांतलाच एक चांगो. वय पन्नाशी उलटलेलं, घरात तो आणि त्याची बायको बामी, पोरबाळ नाही. एका वर्षी समुद्राला मोठं उधाण आलं आणि नेमका चांगोचा बांध फुटला. बापजाद्यांचं मिठागर एका रात्रीत खाडीने गिळलं.

गावचे पंच म्हणाले, “पलीकडचा चिखलाचा तुकडा पडून आहे, तो घे. पण जुनी रीत आहे. तीन उन्हाळ्यांत पांढरं मीठ निघालं तर जमीन तुझी. नाही निघालं तर दुसऱ्या गरजवंताला देऊ.”

“तीन कशाला? एकात काढून दाखवतो,” चांगो म्हणाला. घरी येताना मात्र त्याला एकच विचार पोखरत होता. जमीन गेली तर गाव सोडायचं, बामीच्या भावाच्या दारात राहायचं आणि उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या ताटाकडे बघत काढायचं. या वयात ते त्याच्याने होणार नव्हतं.

नवराबायकोने बांध घातला, वाफा आखला, पाणी घेतलं. पाणी आटलं आणि तळाशी मीठ आलं. पण ते काळं होतं, चिखलाने माखलेलं. शेजारच्यांनी नाकं मुरडली. चांगोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने सगळं मीठ खरवडून खाडीत फेकलं आणि पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा काळंच मीठ आलं, पुन्हा फेकलं. उन्हाळा संपला.

दुसरा उन्हाळाही तसाच गेला. चांगो आता थकला होता. पहाटे उठायचं जिवावर यायचं. इतरांच्या बांधावरच्या पांढऱ्या राशी बघवत नसत, म्हणून तो खाली मान घालून वाट तुडवायचा. वडिलांच्या वाफ्यात पहिल्या दिवसापासून पांढरं मीठ निघायचं, मग इथेच काय बिघडलं, हे त्याला कळत नव्हतं. त्याने वडिलांचं फक्त पिढ्यानपिढ्या पिकत आलेलं मिठागर पाहिलं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात पहिलं मीठ निघालं. तेही काळंच. चांगोने एक घमेलं खाडीत रिकामं केलं. बामी बांधावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. तेवढ्यात वाफ्यातल्या एका बिळातून खेकडा बाहेर आला.

“काय टाकलंस रे खाडीत?” त्याने विचारलं.

“घाण,” चांगो म्हणाला.

“आणि घाणीबरोबर?”

चांगोने फावड्याकडे पाहिलं. त्याला बोटभर जाडीचा चिखल लागला होता.

“माझ्या आजीची आजी सांगायची,” खेकडा म्हणाला, “नवा वाफा घातला की माणसं पहिलं मीठ काढत नसत. आहे तिथेच पायांनी तुडवत. मीठ चिखलात मुरतं, तळ घट्ट बसतो आणि आम्हाला बिऱ्हाड हलवावं लागतं. तू मात्र दर खेपेला सगळं खरवडून काढतोस. तुझ्यासारखा मालक मिळाला, आमची चंगळ आहे बाबा.”

“मग हे आधी का नाही सांगितलंस?”

“तू कधी कुणाला विचारलंस? आणि माझंच घर मोडायला मी कशाला सांगू?”

“मग आज का सांगतोस?”

खेकड्याने नांगीने बामीकडे दाखवलं. “ती रडते आहे. मला ऐकवेना.”

त्याच दिवशी चांगो आणि बामी वाफ्यात उतरली. एकमेकांच्या खांद्याला धरून दोघं काळं मीठ तुडवू लागली. टाचांच्या भेगांत मीठ शिरे आणि डोळ्यांतून पाणी येई. लोक हसत. “चांगो मीठ पिकवायचं सोडून नाचायला लागला!” असं म्हणत. मीठ मुरलं की नवं पाणी, नवं पाणी आटलं की पुन्हा तुडवणं. दोघांच्या कंबरा मोडून आल्या. बोलायलाही त्राण नसे. एका सकाळी खेकडे बिळं सोडून निघून गेले. तळ पायाला दगडासारखा लागू लागला. काळं मीठ करडं झालं, करडं मीठ राखेच्या रंगाचं झालं.

आणि आभाळ भरून आलं. उन्हाळा संपला.

पंच वाफ्यावर आले. चांगोने हात जोडले. “तळ बसलाय. पुढच्या उन्हाळ्यात पांढरं निघेल. एवढं एक वर्ष द्या.”

“अरे, तळ कुणाला दिसतो?” थोरले पंच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. “मीठ दिसतं, आणि ते पांढरं नाही. तुझ्यासाठी रीत मोडली तर उद्या कुणाकुणासाठी मोडायची?”

जमीन पोशी नावाच्या एका बाईला मिळाली. तिचा नवरा समुद्रावर गेला तो परतला नव्हता, पदरात दोन लेकरं होती. तिचा राग करावा असं तिच्यात काहीच नव्हतं. जाताना चांगो तिला एवढंच म्हणाला, “तळाला फावडं रुतू देऊ नकोस. मीठ वरच्या वर ओढ.” मग दोघांनी बोचकी उचलली आणि बामीच्या भावाच्या गावाची वाट धरली.

पुढच्या उन्हाळ्यात पोशी होडीतून त्या गावी आली. तिच्या डोक्यावर टोपली होती.

“तुमच्या वाफ्यातलं आहे,” ती म्हणाली. “पहिलं तुम्हालाच द्यावं असं वाटलं.” टोपली ओसरीवर ठेवून ती परतली.

मीठ दुधासारखं पांढरं होतं. चांगोने एक खडा जिभेवर विरघळू दिला.

“आपल्याला अजून एक उन्हाळा मिळायला हवा होता गं,” तो म्हणाला.

बामी भावाच्या घरचं धान्य निवडत होती. ती रागावली नव्हती, नुसती दमली होती. सुपातून मान वर न करता ती म्हणाली, “दोन मिळाले होते. आपण ते खाडीत टाकले.”

तेव्हा लहानथोर मंडळी, एवढं ध्यानात ठेवा: नव्या कामाचं पहिलं फळ मिरवायला नसतं, ते कामाच्या पायात मुरवायचं असतं, आणि तेवढा धीर जो धरत नाही, त्याच्या कष्टाचं पीक दुसऱ्याच्या बांधावर लागतं.