घुशींसाठी बंदूक

रतनखिंडीच्या राणीसाहेब चंद्रावतींना नेमबाजीला आणि धान्याच्या कोठारातल्या घुशींना चालेल अशी एकच बंदूक हवी होती. त्यांनी बारीक गोळीची छोटी रायफल निवडली, तसे सरदार रणनवरे भर दरबारात हसले.

"या खेळण्यानं काय मरणार? माझी वाघाची बंदूक घ्या. घूस, भिंत, सगळं आरपार!"

राणीसाहेबांना सरदारांच्या बढाया नव्या नव्हत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "ठरलं. उद्या तुमच्याच बंदुकीनं घुशी टिपू. कोठाराच्या भिंतीपलीकडे तुमचा लाडका पंचकल्याणी घोडा बांधलेला असतो ना? राहू दे तिथेच."

सरदारांचं हसू मावळलं. त्यांनी छोटी रायफल उचलून खांद्याला लावून पाहिली.

"हाताला छान बसते, राणीसाहेब. हीच घ्या."