कड्याखालची हाक

डोंगरात वाटांपेक्षा वाघ जास्त होते, त्या काळची ही गोष्ट. एक माणूस कड्यावरच्या पोळ्यांतला मध काढायचा. बायको मेली, त्याने दुसरी केली. नवीला सवतीची पोर घरात नको होती. मग या बापाने काय करावं? सहा वर्षांच्या लेकीला रानात नेलं, "इथंच बस, आलोच" म्हणाला आणि सरळ घर गाठलं.

लेक दिवसभर हाका मारत राहिली. "बा, आहेस का?" कुणी ओ दिली नाही. सरपण वेचणाऱ्या एका म्हातारीने तिला उचललं, वाढवलं. पण त्या दिवसाची धडकी पोरीच्या छातीतून काही गेली नाही.

मोठी झाल्यावर ती बापाच्या गावी आली. दोर राखणारा गडी तापाने पडला होता. "मी राखते," ती म्हणाली. पोटच्या लेकीला त्याने ओळखलंसुद्धा नाही, कपाळ त्याचं!

दोर राखायचा म्हणजे काय, ते ऐका. दोर वर झाडाला बांधायचा आणि तिथून हलायचं नाही. खाली लोंबकळणाऱ्याला वरचं काही दिसत नाही. पोळं जवळ असतं, मोठ्या आवाजाने माश्या उठतात, म्हणून तो हळूच विचारतो, "आहेस का?" वरून "आहे" ऐकलं, की त्याचा जीव भांड्यात पडतो.

बाप उतरला. दोर कापायला तिने कोयता आणलाच होता. पण तिला वाटलं, आधी घाबरू दे याला, माझ्यासारखं.

"पोरी, आहेस का?"

ती गप्प.

"आहेस ना गं?" आवाज कापत होता. वर वाघ आला, की पोर पळाली? बापाची बोबडी वळली. पोळ्याचं भान सुटलं आणि तो जिवाच्या आकांताने ओरडला, "अरे, कुणी आहे का!"

तो आवाज तिने ओळखला. रानात टाकलेल्या पोरीचा होता तो, तिचाच. कोयता फेकून ती कड्याच्या टोकाशी धावली. "आहे! बा, मी आहे!"

पण माश्या उठल्या होत्या. काळा लोट घोंगावत वर आला. डंख सोसत तिने दोर ओढला. दोर रिकामा, हलकाच वर आला.

"बा, आहेस का?" तिने विचारलं.

कुणी ओ दिली नाही.

पुढे ती म्हातारी झाली. कुणी कुणालाही हाक मारली, तरी ही दचकून ओ द्यायची.

लेकरांनो, आणि लेकरांच्या बापांनो, ध्यानात ठेवा: आपण सोसलेली भीती दुसऱ्याला दिली, तरी ती आपल्याला सोडत नाही.