खांबाचा मानकरी

त्या राज्यात पाणी कमी होतं आणि मतं भरपूर होती.

राज्याच्या मधोमध एक तळं होतं. थंडी सरली की ते आक्रसत जाई आणि शेवटी एक डोह तेवढा उरे. मासे, गोगलगायी, गारवा, सगळं त्या डोहात. पूर्वकाठच्या पक्ष्यांना तो हवा असे आणि पश्चिमकाठच्यांनाही. पूर्वी यावरून चोची मोडत, डोळे जात. मग कुणा शहाण्याने सुचवलं की भांडायचंच आहे तर खेळून भांडा. तेव्हापासून ओसरलेल्या पाण्याखालून अंड्याच्या आकाराचं जे मैदान उघडं पडे, त्यावर दोन्ही काठ दर वर्षी सात सामने खेळत. ज्याचे सामने जास्त, त्याचा उन्हाळाभर डोह. हरलेल्यांनी दव चाटायचं.

खेळ सोपा होता. सावरीचं सुकं, न फुटलेलं बोंड पायाने उडवायचं आणि समोरच्या चार बांबूंमधून पार करायचं. पंख पसरायचे नाहीत; पसरले की बोंड दुसऱ्यांचं. मात्र उडवलेलं बोंड खाली पडू न देता कुणी चोचीत झेललं, तर त्याला धक्का द्यायचा नाही. त्याने निवांत उभं राहून नेम धरायचा. खाली पडलं तर ते ज्याने आधी उचललं त्याचं; मग ते घेऊन पळत बांबूंमधून गेलं तरी चाले. म्हणून प्रत्येक काठ आपला एक उंच पक्षी समोरच्या बांबूंपुढे उभा करी आणि त्याच्या डोक्यावर बोंडं उडवत राही. त्याला खांबाचा मानकरी म्हणत. मान मोठा होता, आणि शिव्याही सगळ्यात जास्त त्यालाच पडत.

हा मानकरी निवडायचं काम पूर्वकाठावर भारद्वाजाकडे होतं. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं त्या राज्यातही मानत. पण तरुण पक्षी तो दिसला की पंख आवळून ताठ उभे राहत. करवंदीच्या जाळीत तो तासन्‌तास बसे. लाल डोळे एकाच जागी खिळलेले, तोंडातून चकार शब्द नाही. आणि महिन्याभराने मोरापुढे जाऊन एवढंच म्हणे, "घ्या", किंवा "नको". मोर पूर्वकाठचा राजा होता. त्याला स्वतःच्या पिसाऱ्यापलीकडे फारसं दिसत नसे, त्यामुळे भारद्वाजाच्या डोळ्यांवर त्याचा सगळा कारभार चाले.

मागच्या वर्षी भारद्वाज एका दूरच्या दलदलीत गेला होता. तिथे त्याने एक कोवळा करकोचा पाहिला. पाय इतके लांब की चालताना एक दुसऱ्यात अडकायचा. मान कुठे ठेवावी हे मानेलाच कळत नव्हतं. पण वरून काही पडू लागलं, मग ते पान असो की कुणाच्या घरट्यातली काडी, की तो पोरगा सगळं विसरून त्याच्याकडे बघे. बाजूने कोण धावत येतंय, कोण टोचतंय, याची त्याला शुद्ध नसे. हे भारद्वाजाला आवडलं. इतकं आवडलं, की महिनाभर थांबण्याची आपली रीत मोडून तो तिसऱ्याच दिवशी म्हणाला, "घ्या."

मोराने त्या बदल्यात दलदलीला आपले तीन चपळ तित्तिर दिले. पूर्वकाठावर कुरकुर झाली, पण भारद्वाजाचा शब्द पडलेला होता.

मग हंगाम सुरू झाला आणि सगळ्यांनाच दिसू लागलं की करकोचा झेलत नाही.

पहिल्या सामन्यात एक झेल. दुसऱ्यात एकही नाही. तिसऱ्यात एक, आणि तोही घसरून पडता पडता. साळुंकी प्रत्येक मानकऱ्याच्या नावाने झाडाची एक साल ठेवी आणि झेलामागे त्यावर एक ओरखडा काढी. ती साल हातोहात फिरे, म्हणजे चोचोचोची फिरे. सहा सामने झाले तेव्हा करकोच्याच्या सालीवर दोन ओरखडे होते, आणि त्यातला एक पोपटाच्या मते साळुंकीने दयेपोटी काढलेला होता.

"याची अक्कल गुडघ्यात आहे," पोपट म्हणाला.

"पण गुडघे बघा ना किती उंचावर आहेत," साळुंकी म्हणाली. "म्हणजे तशी वरच आहे म्हणायची. काका, रागावू नका हं! पदरात पडलं आणि पवित्र झालं, दुसरं काय!"

भारद्वाज रागावला नाही. तो घाबरला होता. उंच पक्ष्याला स्वतःचेच पाय ओळखीचे व्हायला दोन हंगाम लागतात, हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि सगळ्या काठापुढे सांगत उभं राहणं वेगळं. शिवाय त्याच्या मनात एक काटा होता. आपण तिसऱ्याच दिवशी बोललो. आपल्याला पोराचं खेळणं आवडलं की नुसता पोरगाच आवडला?

सहा सामन्यांत तीन इकडे, तीन तिकडे झाले होते. मोराने भारद्वाजाला बोलावून घेतलं.

"भारद्वाजराव," मोर म्हणाला, "आपली रीत तुम्हाला माहीत आहे. ज्याने आणला त्यानेच शब्द द्यायचा. शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्यांसमोर. 'राहू दे' म्हणा नाहीतर 'जा' म्हणा. मी मध्ये पडणार नाही."

"महाराज, अजून एक हंगाम मिळाला तर..."

"तीन तित्तिर दिलेत मी. तीन! लोक मला विचारतात."

'जा' म्हटलेल्या पक्ष्याला त्या राज्यात कुठलाच काठ पुन्हा घेत नसे. जिथून आणला तिथेही घेत नसत, कारण त्यांनी बदल्यात मोल घेतलेलं असे. मग तो माळावर एकटा राही आणि हळूहळू वर बघायचं सोडून देई. भारद्वाजाने असे दोघे पाहिले होते. त्यांना तो शब्द त्यानेच दिला होता, आणि माळावरून जाताना तो अजूनही वाट वाकडी करी.

संध्याकाळी तो करकोच्याकडे गेला. पोरगा उथळ पाण्यात बसून छाती भिजवत होता. छातीवरची पिसं जागोजागी उपटलेली होती.

"काका, मी आधीच निघून जाऊ का?" त्याने विचारलं. "म्हणजे तुम्हाला म्हणावं लागणार नाही."

भारद्वाजाला गलबलून आलं, पण त्याने आवाज कोरडा ठेवला. "बोंड दिसतं का तुला?"

"दिसतं की! सगळ्यांच्या आधी दिसतं. पण मी मान वर केली की तिघं अंगावर येतात. एक समोरून, एक पाठीवर, आणि एक नुसता पायात घोटाळतो. मग बोंड खाली पडतं आणि मी पण."

"मानकऱ्याच्या अंगावर कुणी ना कुणी येणारच. सबबी सांगू नयेत, बाळ."

"बरं," करकोचा म्हणाला, आणि पुन्हा छातीवर पाणी घेऊ लागला.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी म्हशी आल्या. म्हशींना खेळातलं काही कळत नसे आणि त्यांना सांगायला कुणी जातही नसे. त्या डोहात मनसोक्त डुंबल्या, जाताना काठाचा बांध फोडून गेल्या आणि पाणी मैदानाच्या एका टोकाला पसरलं. सकाळपर्यंत ते जिरलं, पण पूर्वकाठाला ज्या बांबूंमधून बोंड पार करायचं होतं, नेमका त्यांच्यापुढे लोण्यासारखा गाळ बसला. दोन्ही काठांनी एकमेकांवर म्हशी फितवल्याचा आरोप केला आणि सामना सुरू झाला.

तो दिवस लाव्याचा होता. लावा म्हणजे मुठीएवढा पक्षी, गवतात बसला तर गवतालाही कळू नये असा. पण त्या दिवशी बोंड जिथे पडे तिथे तो हजर असे, आणि उचललं की गाळातून तुरुतुरु पळत सरळ बांबूंमध्ये. एकदा, दोनदा, पाच वेळा, सात वेळा! पश्चिमकाठचे राखी बगळे मागे वळून बघेपर्यंत बोंड पार झालेलं असे. सातव्या वेळी पूर्वकाठाने असा कल्ला केला की सावरीवरची उरलीसुरली बोंडंही फुटली. डोह पूर्वकाठचा झाला. लाव्याला दोन टिटव्यांनी पाठीवर घेतलं आणि काठभर मिरवलं. लाव्याची छाती इतकी फुगली होती की त्याला स्वतःचे पाय दिसत नव्हते.

करकोच्याने एकही झेल घेतला नाही. साळुंकीने त्याच्या सालीवर नवा ओरखडा काढला नाही आणि टोमणाही मारला नाही. ती बोलली नाही हे भारद्वाजाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तशी मैदानापलीकडे पूर्वकाठाची सभा जमू लागली. भारद्वाज उडत गेला असता तर लगेच पोचला असता, म्हणूनच तो चालत निघाला. मैदानातून, बांबूंच्या बाजूने, एकेक पाऊल टाकत. 'जा' हा एका अक्षराचा शब्द तो मनातल्या मनात म्हणून बघत होता आणि दर वेळी त्याचं पाऊल आणखी लहान पडत होतं. मान आपोआप खाली गेली. इतकी वर्षं तो हे मैदान बघत आला होता, पण त्याकडे खाली मान घालून त्याने कधी पाहिलं नव्हतं. बोंड वर असतं. खाली कोण बघतो!

रात्रीतून गाळ आळला होता. कालचा अख्खा सामना त्यात उमटलेला होता.

आधी त्याला लाव्याची पावलं दिसली. बारीक, टोकदार, बांबूंकडे सरळ गेलेली. एक माग, दोन माग, सात माग. त्याने ओळखीने मान हलवली आणि पुढे निघाला. मग थबकला. त्या सातही मागांच्या आजूबाजूला काहीच नव्हतं. बगळ्याचं एक पाऊल नाही. वीस-वीस पावलं पक्षी पळालाय आणि त्याला अडवायला कुणी आलेलंच नाही. पश्चिमकाठचे बगळे काय झोपा काढत होते? त्यांच्यासारखे राखणदार साऱ्या राज्यात नव्हते.

मग होते कुठे ते?

भारद्वाज मागावरून उलटा चालत गेला. दुसऱ्या मागावरून गेला, तिसऱ्यावरून गेला. मग तो पळू लागला, या वयात, आणि जिथे ते सगळे माग एकत्र येत होते तिथे जाऊन उभा राहिला. तिथला गाळ त्याने कडेकडेने फिरून पाहिला. पोरगा त्या संध्याकाळी त्याला सगळं धडधडीत सांगत होता, आणि आपण त्याला गप्प बसवलं. लाज वाटली, चांगलीच वाटली. पण लाजेच्या मागून जे आलं ते तिच्याहून मोठं होतं. सगळ्या हंगामात पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला. मनातला तो शब्द कुठे गेला ते त्याला कळलंही नाही. आपले डोळे अजून शाबूत आहेत!

सभेत तो धापा टाकत पोचला. करकोचा एका कडेला मान खाली घालून उभा होता, निरोपाच्या तयारीने.

"भारद्वाजराव, शब्द?" मोराने विचारलं.

"राहू दे."

एकच गलका झाला. "अहो, एक झेल नाही!" पोपट ओरडला. "कशाच्या जोरावर?"

"माझ्याबरोबर चला," भारद्वाज म्हणाला. "आणि चालत चला. लावोबा, तुम्ही पुढे व्हा. काल कुठून पळालात तेवढं दाखवा."

लाव्याला तेच हवं होतं. सगळा काठ आपल्या मागे चालतोय, या आनंदात तो बांबूंपासून निघाला आणि आपल्याच पावलांवरून उलटा चालू लागला. "हे बघा, इथून मी असा वळलो. इथे मी जरा दम घेतला. दम घ्यायला वेळ होता म्हणा." थोडं पुढे गेल्यावर तो बोलायचा थांबला. दम घ्यायला वेळ कसा होता, हे त्याला पहिल्यांदाच सुचलं असावं. त्याच्या मागचे पक्षीही खाली बघू लागले. मोर सगळ्यात मागे होता. पुढे काय आहे ते त्याला दिसलं तेव्हा त्याने जमिनीवर लोळणारा आपला पिसारा गोळा केला, काही पुसलं जाऊ नये म्हणून वर धरला आणि हळूच साळुंकीला म्हणाला, "त्या पोराला बोलाव इकडे. म्हणावं, कुठे जायचं नाही."

लावा मागाच्या सुरुवातीला पोचला होता. तिथला गाळ तुडवून तुडवून पार चिखल झाला होता. बगळ्यांची पावलं एकमेकांवर पडली होती, समोरून आलेली, मागून आलेली, आडवी घसरलेली; तिघा बगळ्यांची सगळी दुपार तिथे उमटली होती. लाव्याने पाय ठेवायला कोरी जागा शोधली. ती कुठेच नव्हती. शेवटी त्या सगळ्या गर्दीच्या मधोमध खोल रुतलेलं करकोच्याचं एक लांब बोटांचं पाऊल होतं, त्यात तो उतरला, आणि अख्खा मावला.