दारावरचा अंगठा

“पण चाचा, दार त्याला का?”

गनीचाचा शिकलगार भट्टीच्या काचेतून आत बघत होते. वळले नाहीत.

“दार म्हणजे मशीनचं तोंड,” बाळगोंडा म्हणाला. “खेळणारा समोर उभा राहिला की आधी दार दिसतं. आणि ते तुम्ही कल्लाप्पाला दिलंत. काल आलेल्या माणसाला!”

“तुला पट्टी दिली की.”

“पट्टी!” ताटात शिळी भाकरी पडावी तसं बाळगोंडानं तोंड केलं. “पट्टी कोण बघतंय ओ?”

चाचांनी भट्टीची काच पुसली.

कुपवाडच्या एमआयडीसीतला हा लोखंडावर रंग चढवायचा कारखाना. एरवी इथं यायचे ते पंख्याचे पिंजरे नाहीतर खिडक्यांच्या जाळ्या. या खेपेला पन्हाळ्याच्या एका हॉटेलवाल्यानं वडिलांच्या हौसेचं जुनं पिनबॉल आणून टाकलं होतं. काचेखाली लोखंडी गोळी धावते, घंटा वाजतात, आणि खेळणारा दोन्हीकडची बटणं दाबत घामाघूम होतो, ते मशीन. पाय, पैसे टाकायचं दार, पुढची पट्टी, सगळं गंजलेलं.

पायांना आणि दाराला सुरकुतीचा काळा रंग द्यायचा होता. भट्टीत तापला की हा रंग आक्रसतो आणि त्यावर बारीक सुरकुत्या पडतात. बोट फिरवलं तर खरबरीत लागतो. पट्टी मात्र गुळगुळीत, चकचकीत हवी होती, कारण खेळणाऱ्याची मनगटं तिच्यावर टेकतात.

एवढंच असतं तर बाळगोंडानं तोंड उघडलं नसतं. पण चाचांचे हात आता कापायला लागले होते. त्यांची रंग फवारायची गन खिळ्याला टांगलेली असायची, तिला दुसरं कुणी शिवत नसे. हे मशीन झालं की ती गन कुणाच्या तरी हातात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्या हातात गन, त्याच्या हातात कारखाना.

बाळगोंडानं मनातल्या मनात ती केव्हाच उचलली होती. आणि मग निपाणीकडून हा कल्लाप्पा आला.

काय नव्हतं खुपत त्याचं? तो शीळ घालायचा, ते खुपायचं. चाचा त्याच्या फालतू विनोदाला हसायचे, ते खुपायचं. चाचा त्याला आपल्या डब्यातलं भाकरीबरोबरचं कोरड्यास वाढायचे. आणि त्याला ‘बेटा’ म्हणायचे! इतकी वर्षं भट्टीसमोर भाजून निघाला बाळगोंडा, त्याला कधी कुणी बेटा म्हटलं नव्हतं.

“जा,” चाचा म्हणाले. “काम बघ.”

एवढंच उत्तर.

बाळगोंडाची पट्टी सकाळीच झाली होती. फळीवर आरशासारखी पडली होती. त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तो दाराकडं बघत होता.

दार आकड्याला टांगलेलं होतं. वाळूच्या माऱ्यानं गंज झडून पत्रा राखाडी, उघडा पडलेला. असा पत्रा तान्ह्या पोरासारखा जपावा लागतो. रंग बसेपर्यंत त्याला उघडा हात लावायचा नाही, मोजे घालूनच धरायचं. हाताचं तेल लागलं की तिथं रंग धरत नाही. हा धडा इथं झाडू मारायच्याही आधी शिकवतात.

कल्लाप्पा शीळ घालत रंगाचा डबा आणायला मागच्या खोलीत गेला होता.

बाळगोंडानं उजव्या हातातला मोजा काढला. हात केसांतून फिरवला. सकाळी चोपडलेलं खोबरेल अंगठ्याला लागलं. आणि तो अंगठा त्यानं दाराच्या मधोमध टेकवला. जरा दाबलाही.

बस्स. मग मोजा चढवून तो पायांचे आकडे सरळ करत बसला. आत कुठंतरी गार वाटत होतं, हे खरं.

कल्लाप्पा आला. त्यानं दुसऱ्या गननं मन लावून रंग मारला. दार भट्टीत गेलं.

चहाची वेळ झाली तेव्हा दार बाहेर आलं.

काठापासून काठापर्यंत सुरकुत्या. अगदी एकसारख्या, बघत राहावं अशा. आणि मधोमध टक्कल. तिथला रंग मागं सरकून आतला पत्रा दिसत होता.

कल्लाप्पाची शीळ बंद पडली.

“चाचा... माझं चुकलं.” “माझाच हात लागला असणार. मोजा फाटका आसंल. ध्यानात नाही आलं माझ्या.”

हेच तर हवं होतं बाळगोंडाला! पण तो आपणहून चूक अंगावर घेईल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. याचाही त्याला रागच आला.

चाचांनी कल्लाप्पाचा हात धरला. त्याचा मोजा काढला. त्याचा अंगठा त्या डागावर ठेवला.

शेतात राबलेल्या माणसाचा अंगठा तो. डाग त्याच्याखाली पार झाकून गेला, वर चहूकडून अंगठा बाहेर उरला.

चाचांनी बाळगोंडाच्या हाताकडं बघितलं. कल्लाप्पाच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याला काही दिसलं नाही.

बाळगोंडानं आपला हात खिशात घातला.

“जा बेटा, चहा घेऊन ये,” चाचा म्हणाले.

कल्लाप्पा गेला. चाचा खिळ्यापाशी गेले, गन काढली, सदऱ्यानं पुसली आणि बाळगोंडापुढं धरली.

“घे.”

“... मला?”

“हात काढ की खिशातनं. घे.”

त्यानं घेतली. चाचांच्या मुठीनं तिची मूठ झिजून गुळगुळीत झाली होती.

“तुलाच द्यायची होती. केव्हाचं ठरलंय.”

“मग दार...?”

“दाराचा पत्रा खड्ड्यांनी भरलेला. सुरकुतीखाली खड्डे झाकतात. नवीन माणसाला झाकून घेणारं काम द्यावं, धीर येतो त्याला.” चाचांनी फळीवरची पट्टी उचलली, उजेडात धरली. “हिच्यावर केसाएवढं चुकलं तरी दिसतं. ही त्याला कशी देऊ?”

पट्टीत बाळगोंडाचं तोंड दिसत होतं. त्यानं मान फिरवली.

“चाचा, तो डाग...”

चाचांनी हात वर केला. बाहेर पावलं वाजली होती.

कल्लाप्पा चहा घेऊन आला. बाळगोंडाच्या हातातली गन बघून तो थबकला... आणि हसला. खरंखुरं हसला लेकाचा! चहा खाली ठेवून त्यानं वाकून बाळगोंडाच्या पायाला हात लावला.

“लई झ्याक झालं, दादा. तुमचाच मान हाय तो.” मग त्यानं दाराकडं बघितलं. “आता मला तुम्ही शिकवा. आज चुकलो ते पुन्हा चुकायला नको. पहिल्यापासनं सांगा.”

बाळगोंडानं गनला दुसरा हात लावला. हातातली गन एकाएकी जड झाली होती.

त्यानं चाचांकडं बघितलं, सोडवा म्हणून.

चाचांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. एक घोट घेतला.

“सांग त्याला, बेटा,” ते म्हणाले. “उघडा हात का लावायचा नसतो, ते सांग.”